हॅवलॉकवर बंद पडलेली भाड्याची स्कूटर: माझा अनुभव

अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. जेटीपासून राधानगर किनारा साधारण 12 किलोमीटर. आम्ही कोल्हापूरची पोरं आणि मुक्कामावर भेटलेले दोन पुणेकर, सगळे भाड्याच्या स्कूटरवर. वाटेत पावसानं झोडपलं. माझी गाडी आधी गचके द्यायला लागली, मग ठप्प. सेल्फ फिरतोय, पण गाडी पकडेना. अंदमानात हिवाळ्यात पाचलाच सूर्य बुडतो, त्यामुळे घाई.

रेंजची एक काडी होती. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रीला फोन लावला.

"पेट्रोल हाय न्हवं? मग प्लगची कॅप काढ भावा, पाणी गेलं असणार."

इग्निशन बंद करून कॅप, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्लगवरचं वायरीचं टोपण, ओढली. आत थेंब होतेच, शिवाय वायरीच्या टोकाची तांब्याची तार खाऱ्या हवेनं हिरवी पडलेली. खरा रोग हाच. नुसतं पुसून भागलं नसतं. नखाएवढं टोक कापलं, चांगली तार दिसल्यावर कॅप पुन्हा फिरवून घट्ट बसवली. डिकीत प्लगपाना होता, नशीब! प्लग पेट्रोलनं ओला झालेला. काढून कोरड्या रुमालानं पुसला. तेवढ्यात थ्रॉटल पूर्ण पिळून चार किका मारल्या, सिलिंडरमधलं जास्तीचं पेट्रोल उडून जावं म्हणून. सगळं जोडलं आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू.

पुणेकरांनी फोटो काढले. मदत शून्य.

संध्याकाळी मालकाला सांगितलं तर म्हणाला, वायर बदलून टाकतो. भाड्यात मात्र रुपया सोडला नाही.