पहाटे डोळा उघडताच कळ: ओरखडा बरा झाल्यानंतरचा त्रास कसा थांबला (माझा अनुभव)

बाळाचं नख लागून बुबुळावर ओरखडा आला होता. अँटिबायोटिक थेंबांनी तो लवकर भरलाही. काही आठवड्यांनी मात्र पहाटे डोळा उघडताच जीवघेणी कळ येऊ लागली. पाण्याची धार लागायची, उजेड सहन व्हायचा नाही, आणि दुपारपर्यंत सगळं शांत.

गार पाणी, गुलाबपाणी, लाली घालवणारे थेंब, कशाचाच उपयोग झाला नाही. झोपायचीच भीती बसली होती.

नेत्रतज्ज्ञांनी नारिंगी रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं, तर जुन्या जागीच हिरवा डाग चमकला, म्हणजे तिथला थर पुन्हा सोलवटला होता. बुबुळाचा वरचा थर साधारण 24 ते 72 तासांत भरतो, पण खालच्या थराला घट्ट धरायला त्याला आठवडे, कधी महिने लागतात. रात्री डोळा कोरडा पडतो, पापणी चिकटते आणि उघडताना तो कच्चा थर सोलवटतो.

त्यांनी दिलेला क्रम: झोपताना सगळ्यात शेवटी, खालची पापणी ओढून आत 5 टक्के सोडियम क्लोराइडचं मलम, शिताएवढं. पंख्याचा झोत चेहऱ्यावर नको. जाग आल्यावर डोळा मिटलेलाच ठेवून नाकाकडच्या कोपऱ्यात कृत्रिम अश्रूंचा थेंब, पापणीखाली बुबुळ हळू फिरवायचं, मगच उघडायचं. चोळायचं अजिबात नाही. कळ थांबल्यावरही मलम काही महिने चालू ठेवलं.

उसाचं पातं किंवा भाताचं कुसळ लागलं असेल, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर यातलं काही करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे संसर्गाची भीती असते, आणि बुरशी असेल तर दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब ती वाढवतात.