बेळगावचे मांडे पुण्यापर्यंत अख्खे कसे न्यावेत

लेक पुण्याला दिली त्याला १२ वर्षं झाली. वर्षातून दोन-तीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला मांड्यांचा डबा बरोबर असतोच. बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर ते लेकीचं घर, साधारण ३४० किलोमीटर. एवढ्या वाटेत मांडे मोडू न देता नेता येतात, मी नेते. ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

आधी मांडा काय चीज आहे ते बघा, म्हणजे जपायचं काय ते कळेल. आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकू ऑर्डरप्रमाणे मांडे करून देतात. पिठीसाखर, खसखस आणि तुपाचं सारण भरलेली पोळी त्या लाटतात, मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवतात. पोळी कोपरापर्यंत लोंबते आणि इतकी पातळ होते की पलीकडची बांगडी दिसते. ती चुलीवर पालथ्या घातलेल्या कढईवर पसरली की घडी घालायला फार तर दोन-चार श्वास मिळतात. गरम असते तोवर रुमालासारखी दुमडते, गार झाली की कडकडीत. म्हणजे घडीच्या कडा हीच नाजूक जागा. वरून दाबलं तर मांडा एक वेळ सोसेल, पण कडेला धक्का लागला की गेला.

मांडे निघण्याच्या दोन दिवस आधी आणा. त्याच दिवशीचे घेतले तर आत ऊब राहते, डब्यात वाफ धरते आणि मांडे सादळतात. एक दिवस घरात कागदावर उघडे ठेवून पूर्ण गार होऊ द्या. पावसाळ्यात मात्र उघडे ठेवू नका. आषाढ-श्रावणात आमच्याकडे भिंतीसुद्धा ओल्या लागतात; तेव्हा गार झाले की लगेच डब्यात, आणि कोपऱ्यात कोरड्या तांदळाची एक पुरचुंडी.

डबा पत्र्याचाच हवा, चौकोनी, मांड्यापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा. तळाला जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी. पाच-पाच मांड्यांची चवड कागदात सैल गुंडाळायची, दोरा बांधायचा नाही. दोन चवडींच्या मध्ये पुठ्ठा. राहिलेल्या फटींमध्ये चिरमुरे भरा. लहान लहान पिशव्यांत थोडी हवा ठेवून गाठ मारायची आणि कडेकडेने बसवायच्या. पूर्वी मी कापूस भरत असे, वर्तमानपत्राचे बोळे भरत असे, पण चिरमुऱ्यांसारखी उशी दुसरी नाही. शिवाय पुण्यात पोचल्यावर त्याच चिरमुऱ्यांचा भडंग होतो. नातवाला मांड्यांपेक्षा तोच जास्त आवडतो.

कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, वेगळ्या पिशवीत. गणपत गल्लीतून सकाळी गरम कुंदा आणला तर झाकण घट्ट लावू नका, निवला की लावा. मांड्यांच्या डब्यात कुंदा कधीही ठेवायचा नाही, ओल लागते.

आता बस. डबा मांडीवर घ्यायचा, हा माझा एकच हट्ट आहे. पहिल्या वर्षी एका भल्या माणसाने मदत म्हणून डबा डिकीत ठेवला. पुण्यात उघडला तर आत सगळा चुरा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. विहीणबाईंनी काही न बोलता कढईत दूध तापवलं, वाट्यांमध्ये चुरा वाढला, वर गरम दूध आणि चमचाभर तूप. सगळ्यांनी दोन-दोन वाट्या खाल्ल्या. तेव्हा मोडले तर रडत बसू नका, पण डिकीत ठेवूही नका.

जागा मधली घ्या, दोन्ही चाकांच्या मध्ये. मागच्या चाकावरचं सीट दिलं तर बदलून मागा. कंडक्टर कानडीत विचारतो, ‘इदराग एन ऐति री अक्का?’ (यात काय आहे हो अक्का?) मी म्हणते, ‘मांडे री.’ एवढं म्हटलं की तो स्वतःच शेजारच्याला सरकायला सांगतो. मांडीवर आधी टॉवेलची घडी, त्यावर डबा, आणि दोन्ही तळवे झाकणावर न दाबता नुसते टेकवलेले. तवंदी घाटात अंग सैल सोडा. ताठ बसलात तर प्रत्येक हिसका डब्याला जातो. कागलच्या पुढे रस्ता रुंद करायचं काम किती वर्षं चाललंय, तिथल्या कच्च्या वळणांवर डबा मांडीवरून चार बोटं उचलून धरते. हात दुखतात, पण थोडाच वेळ. हे शेजारी असले की आम्ही डबा आलटून पालटून घेतो, साताऱ्यापर्यंत ते, पुढे मी.

निघण्याआधी स्टँडवर चौकशी करायला विसरू नका, विशेषतः १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास आणि सीमेवर काही तापलेलं असलं तर. एकदा आमची बस निपाणीतच थांबली, पुढे जाणार नाही म्हणाले. वडाप, म्हणजे सीटवर चालणारी जीप मिळाली, त्यात चौदा माणसं. एका कॉलेजच्या पोराने स्वतः टपावर जाऊन मला खिडकीची जागा दिली. दूधगंगेचा पूल ओलांडून कागलला उतरलो, तिथून कोल्हापूर, तिथून पुणे. रात्री साडेअकराला पोचलो. वीसपैकी एकोणीस मांडे अख्खे होते.

वाटेत खायला जोंधळ्याची भाकरी, शेंगाची चटणी आणि घट्ट दही पुरतं. डबा उघडून ‘एक बघूया’ असं मात्र पोरांना करू देऊ नका. एकदा चवड सुटली की ती तशी बसत नाही.

पोचल्यावर पहिला मांडा देवापुढे, दुसरा शेजारी. बाकीचे महिनाभर टिकतात, पण लेकीकडे आठवडाही पुरत नाहीत.

पत्र्याचा डबा तिथे ठेवून येऊ नका, तसा पुन्हा मिळत नाही. आमचा डबा रिकामा परत येतही नाही. मागच्या खेपेला विहीणबाईंनी त्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि माझ्यासाठी विणलेला स्वेटर भरला होता. येताना तो वरच्या रॅकवर ठेवला आणि कराड ते संकेश्वर मी निवांत झोपले.