बिलियर्ड्समध्ये सेंटर स्पॉटवरचा इन-ऑफ सारखा रुंद जात असेल तर (माझा अनुभव)

लक्षण: लाल चेंडू सेंटर स्पॉटवर (टेबलाच्या मधोमध), आपला पांढरा डीमध्ये (खालच्या टोकाकडच्या अर्धवर्तुळात). लालच्या उजव्या कडेला लागून पांढरा वरच्या उजव्या पॉकेटमध्ये जायला हवा, हाच इन-ऑफ, 3 गुण. माझा मात्र पॉकेटच्या अलीकडेच साइड कुशनवर आदळायचा.

आधी पांढऱ्याची जागा बदलून पाहिली, मग साइड (बाजूची फिरकी) लावून, मग लालला पातळ, म्हणजे कडेला जेमतेम लावून. इंदूरच्या उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांच्या संध्याकाळी यातच गेल्या.

शेवटी आमच्या क्लबातले म्हातारे मार्कर (गुण मोजणारे) म्हणाले, "भैया, गेंद को लुढ़कने दो." दोष नेमात नव्हताच. मी जोरात आणि मध्याच्या खाली मारत होतो. पांढरा लालपर्यंत घसरत जायचा, आणि घसरता चेंडू जास्त फाकतो. लोळत गेलेला हाफ-बॉलवर (पांढऱ्याचा मध्य लालच्या कडेवर रोखला की) साधारण 33-34 अंश वळतो, नेम केसभर चुकला तरी कोन फारसा बदलत नाही.

आता क्रम असा. पांढरा बॉक लाइनवर (डीच्या सरळ रेषेवर), त्या रेषेचा मधला स्पॉट आणि डीचं उजवं टोक यांच्या मध्याहून किंचित बाहेर. क्यूची टिप पांढऱ्याच्या मध्याच्या जराशी वर, साइड अजिबात नाही. पांढऱ्याचा मध्य लालच्या उजव्या कडेवर रोखायचा. जोर इतकाच, की लाल डावं कुशन, मग वरचं घेऊन खाली परतावा. आणि पांढरा पडेपर्यंत मान उचलायची नाही (मी अजूनही उचलतो).

परवा वीसपैकी चौदा गेले.