लाईट गेली-आली तरी एका बटणावर चालणारं होम थिएटर

होम थिएटर आणि युनिव्हर्सल रिमोट, म्हणजे सगळी यंत्रं एकट्याने चालवणारा रिमोट, यांबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं अशा घरांसाठी असतं जिथे वीज जात नाही आणि नेट पडत नाही. आपल्याकडे रत्नागिरी घ्या, गुहागर घ्या नाहीतर देवगड, मेच्या शेवटी वळवाचे ढग आले की लाईटचं ये-जा सुरू होतं आणि ते पार गणपती होईपर्यंत चालू राहतं. म्हणून कोकणात रिमोट कुठला घ्यायचा, अलेक्सा लावायची का, हे सगळं नंतर. आधी एवढंच विचारायचं की सिनेमा चालू असताना लाईट गेली आणि थोड्या वेळाने आली, तर घरातलं कुठलं यंत्र आपोआप चालू होतं आणि कुठलं झोपून राहतं.

हे एवढं महत्त्वाचं का ते सांगते. टीव्हीच्या रिमोटवर पॉवरचं बटण एकच असतं. ते दाबलं की टीव्हीला "चालू हो" असा निरोप जात नाही, "आहेस त्याच्या उलट हो" असा जातो. आता युनिव्हर्सल रिमोटवर तुम्ही "सिनेमा" नावाचं एक बटण बनवलंत, ते दाबलं की टीव्ही, एव्ही रिसीव्हर (सगळ्या पेट्यांचं चित्र-आवाज घेऊन टीव्ही आणि स्पीकरना देणारी पेटी) आणि सेट-टॉप बॉक्स तिघांना पॉवरचा हुकूम जातो. रोज छान चालतं. मग एका संध्याकाळी लाईट जाते आणि येते, बॉक्स स्वतःहून चालू होऊन बसतो, टीव्ही स्टँडबायमध्ये राहतो. आजी बटण दाबते, टीव्ही लागतो आणि बॉक्स बंद होतो, पडद्यावर "नो सिग्नल". परत दाबलं की टीव्ही बंद आणि बॉक्स चालू. कितीही वेळा दाबा, दोघं उलटेच. शेवटी मुंबईला फोन जातो, "अरे तो टीव्ही लागत नाहीये रे". बिघडलेलं काहीच नसतं.

यावरचा उपाय पैशांचा नाही, क्रमाने काम करण्याचा आहे.

सुरुवात फुकटातल्या गोष्टीपासून करा. एचडीएमआय केबलमधूनच यंत्रं एकमेकांशी बोलतात त्याला सीईसी म्हणतात, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते नाव शोधून बऱ्याचदा सापडणार नाही, कारण प्रत्येक कंपनीने आपलं वेगळं नाव ठेवलंय. सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. ते टीव्हीत चालू करा, रिसीव्हरमध्ये किंवा साऊंडबारमध्येही चालू करा, आणि मधली केबल टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय त्यातच लावा, टीव्हीचा आवाज त्याच पोर्टमधून साऊंडबारकडे जातो. मग टीव्ही लावला की साऊंड आपोआप लागतो, टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. ज्यांच्याकडे फक्त टीव्ही, साऊंडबार आणि नेटवरचे सिनेमे दाखवणारी फायर टीव्हीसारखी एक स्टिक आहे त्यांचं काम इथेच संपतं, त्यांनी उगाच पुढचा खर्च करू नये. फक्त लाईट येऊन-जाऊन कधी कधी सीईसी अडकतं, तेव्हा सगळ्यांचे प्लग काढून पाच मिनिटं तसंच ठेवा आणि मग आधी टीव्ही, नंतर बाकीचे असं लावा.

ज्यांच्याकडे जास्त पेट्या आहेत त्यांनी आता कुठलं यंत्र कुठली भाषा बोलतं ते बघायचं. जुनी पद्धत म्हणजे आयआर, इन्फ्रारेड. रिमोटच्या टोकाच्या छोट्या दिव्यातून डोळ्याला न दिसणारा प्रकाश बाहेर पडतो, बहुतेक रिमोटमध्ये तो सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो. ओळखायचं कसं, तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोट त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा, स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकला की आयआर आहे. मागच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा फिल्टर असतो म्हणून पुढचाच वापरा. फ्री डिशचे साधे बॉक्स, बहुतेक टीव्ही, एव्ही रिसीव्हर, प्रोजेक्टर, एसी हे सगळे आयआरवाले. फायर टीव्ही स्टिक मात्र ब्लूटूथवर चालते, तिच्या रिमोटमधला आयआर फक्त टीव्हीचा आवाज आणि पॉवर यांच्यासाठी असतो. अँड्रॉइडवाल्या नवीन सेट-टॉप बॉक्समध्येही बऱ्याचदा ब्लूटूथच. हे न बघता नुसता आयआरचा युनिव्हर्सल रिमोट आणला की तो स्टिकला हातही लावू शकत नाही.

आता रिमोट. पूर्वी या कामासाठी सगळे लॉजिटेकचं हार्मनी सांगायचे, पण कंपनीने २०२१ मध्ये ते बनवणं बंद केलं. सेकंडहँड मिळतात, पण त्यांचं सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवरून होतं, म्हणून मी तरी नवीन घरासाठी ते सुचवणार नाही. सध्या सोफाबॅटन हा पर्याय आहे, त्यात आयआर आणि ब्लूटूथ दोन्ही असलेली मॉडेलं येतात. स्वस्तात सुरुवात करायची तर शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये वरच्या कडेला आयआर असतोच, त्यात शाओमीचंच "मी रिमोट" (Mi Remote) नावाचं ॲप टाकून बघा. आणि ब्रॉडलिंकचा आरएम४ मिनी म्हणजे शोकेसवर ठेवायची छोटी काळी डबी, ती वायफायवरून हुकूम घेते आणि आयआर सोडते. पण घरात वयस्कर माणसं असतील तर नुसत्या ॲपवर सगळं टाकू नका. ज्याच्या हातात फोन त्याच्याच हातात टीव्ही, आणि तो माणूस बाजारात गेला की घरचे बसलेत वाट बघत, हे बरोबर नाही. हातात धरायचा, उठावदार बटणांचा एक खरा रिमोट हवाच.

मुख्य काम आता येतं, त्याला वेळ द्या. पॉवरच्या त्या उलटसुलट कोडऐवजी प्रत्येक यंत्राचा "फक्त चालू" आणि "फक्त बंद" असा वेगळा कोड शोधायचा, त्याला डिस्क्रीट कोड म्हणतात. गंमत अशी की पुष्कळ टीव्हींना हे कोड समजतात पण कंपनी त्यांची बटणंच रिमोटवर देत नाही. म्हणून घरचा रिमोट समोर धरून शिकवला तर ते कधीच मिळणार नाहीत, युनिव्हर्सल रिमोटच्या स्वतःच्या लायब्ररीत तुमचं मॉडेल निवडा आणि बटणांच्या यादीत पॉवर ऑन, पॉवर ऑफ अशी दोन वेगळी नावं आहेत का बघा. असतील तर टेस्ट करा, टीव्ही चालू असताना पॉवर ऑन चार वेळा दाबा, काहीच व्हायला नको. तसंच इनपुटचं, एकेक पुढे सरकणारं सोर्स बटण मॅक्रोत, म्हणजे एका बटणामागे लावलेल्या हुकुमांच्या रांगेत, कधीच घालू नका, थेट एचडीएमआय १, एचडीएमआय २ असे कोड वापरा.

नाही मिळाले तर? दोन वाटा आहेत. एक म्हणजे असं बटण शोधायचं जे झोपलेल्या यंत्राला उठवतं पण जाग्या यंत्राला काही करत नाही. काही टीव्ही इनपुटच्या बटणाने उठतात, काही बॉक्स नुसता नंबर दाबला तरी उठतात. मग "चालू" म्हणजे ते बटण, आणि "बंद" म्हणजे आधी ते बटण, दहा-पंधरा सेकंद थांबून मग पॉवर. म्हणजे यंत्र आधी कुठल्याही अवस्थेत असो, शेवटी बंदच होणार. दुसरी वाट म्हणजे विजेचा खप मोजणारा स्मार्ट प्लग, म्हणजे वायफायवरून चालू-बंद होणारा प्लग. स्टँडबायमधला टीव्ही साधारण एखादा वॅट खातो आणि चालू असला की कित्येक पटीने जास्त, त्यामुळे ऑटोमेशनमध्ये (आपोआप हुकूम सोडणारा नियम, त्याबद्दल पुढे येतंच) अट घाला की खप वीस वॅटच्या खाली असेल तरच पॉवर पाठव. आणि सेट-टॉप बॉक्स तर पॉवरच्या मॅक्रोतून काढूनच टाका, राहू दे तो चालू, अर्ध्या कटकटी तिथेच मिटतात. स्मार्ट प्लगच्या सेटिंगमध्ये लाईट आल्यावर काय करायचं ते विचारलेलं असतं, तिथे टीव्ही आणि रिसीव्हरसाठी "चालू" ठेवा, नाहीतर प्लगच बंद राहतो आणि रिमोट कितीही दाबला तरी उपयोग नाही.

मॅक्रोत दोन हुकुमांच्या मध्ये थोडी उसंत द्या. रिसीव्हरला उठायला काही सेकंद लागतात, तो उठायच्या आधी इनपुटचा हुकूम आला तर त्याच्या कानावरच पडत नाही. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर तो प्लगवरून कधीच तोडायचा नाही, रिमोटनेच बंद करायचा, आतला पंखा दिवा थंड करून मगच थांबतो.

आता वायफायकडे. आपली जुनी घरं चिरेबंदी. जांभ्याची जाड भिंत, माजघरातला राऊटर आणि पडवीतला टीव्ही यांच्यामध्ये अशा दोन भिंती आल्या की सिग्नल दम तोडतो, त्यात पावसात चिरा पाणी पिऊन बसलेला असतो. ब्रॉडलिंकसारख्या डब्या तशाही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तेव्हा राऊटरमध्ये तो बँड बंद नाही ना बघा, आणि जमलं तर टीव्हीच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे एक ॲक्सेस पॉईंट, म्हणजे वायफाय सोडणारी डबी, लावा. रिपीटरवर पैसे घालण्यापेक्षा केबल कधीही चांगली. आयआरला तर भिंतच काय लाकडी दरवाजासुद्धा चालत नाही, पेट्या कपाटात असतील तर छोटे चिकटवायचे आयआर एमिटर मिळतात, त्यांची वायर आत सोडा.

राऊटरला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस लावाच. पण तेवढ्याने भागत नाही, कारण लाईट गेली की बऱ्याचदा पलीकडून नेटही जातं, आणि ज्या ॲपचा प्रत्येक हुकूम इंटरनेटवरून फिरून येतो ते ॲप तेव्हा बंद पडतं. म्हणूनच ऑटोमेशन करायचंच असेल तर होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर सुचवते. ते रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर किंवा जुन्या छोट्या पीसीवर घरातच चालतं, नेट नसलं तरी घरातल्या घरात हुकूम जातात, ब्रॉडलिंक, डेनॉन, यामाहा, एलजी, सॅमसंग बऱ्याच जणांशी थेट बोलतं. डेनॉनसारख्या रिसीव्हरमध्ये नेटवर्क कंट्रोल नेहमी चालू ठेवायचं सेटिंग असतं ते लावा, आणि राऊटरमध्ये प्रत्येक यंत्राचा आयपी पत्ता पक्का करून टाका, नाहीतर लाईट आल्यावर पत्ते बदलतात आणि कोण कुठे ते कळत नाही. त्यातच एक ऑटोमेशन बनवा, लाईट येऊन स्मार्ट प्लग परत जागा झाला की, किंवा होम असिस्टंट नव्याने सुरू झालं की, दोन मिनिटं थांबून सेट-टॉप बॉक्स सोडून सगळ्यांना "फक्त बंद" पाठवायचं. यामुळे दर लाईटनंतर घर एकाच ठरलेल्या अवस्थेतून सुरू होतं. रास्पबेरी पायमधलं मेमरी कार्ड सारख्या लाईट जाण्याने खराब होतं, म्हणून शक्यतो एसएसडी, आणि तोही यूपीएसवर. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर यूपीएस आणि इको असा स्विच आहे का शोधा, यूपीएसवर ठेवलं की बदल इतका पटकन होतो की रास्पबेरी पाय रीस्टार्ट होत नाही. स्क्वेअर वेव्हवाल्या इन्व्हर्टरवर सबवूफर घुमतो, गाण्यांची आवड असेल तर साईन वेव्हच घ्या.

आवाजी हुकूम ही वरची हौस, अलेक्साला हिंदी कळतं, रुटीनमध्ये तुम्हाला हवं ते वाक्य घाला. एवढंच.

विजांबद्दल मात्र नीट वाचा. स्मार्ट प्लग ऑफ केला म्हणजे टीव्ही वाचला असं अजिबात नाही. प्लगच्या आतल्या रिलेत, म्हणजे वीज तोडणाऱ्या स्विचमध्ये, बारीकशी फट असते, आकाशातल्या विजेला ती काहीच नाही, आणि छतावरच्या डिशची केबल तर उघडीच असते. ती केबल बॉक्समध्ये, बॉक्सची एचडीएमआय रिसीव्हरमध्ये, रिसीव्हरची टीव्हीत, असा सरळ रस्ता आहे. ढग दाटून आले की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच मेनचे प्लग काढा, डिशची केबल बॉक्समधून सोडवा, बाहेरून येणारी लॅन असेल तर तीही. सर्ज प्रोटेक्टर लावा, पण अर्थिंग नीट नसेल तर त्याचा फारसा उपयोग नाही, आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

दुसरा शत्रू दमट खारी हवा. किनाऱ्याजवळच्या घरात पावसाळ्यानंतर रिमोटचं झाकण उघडलं की स्प्रिंगवर हिरवट पूड दिसते, सेल गळलेले असतात. आयसोप्रोपाईल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा, पूड घट्ट असेल तर बारीक सँडपेपरचा तुकडा हलक्या हाताने फिरवा. बटणं दाबली जात नसतील तर रिमोट खोलून रबराच्या खालचे काळे ठिपके आणि पट्टीवरच्या रेघा त्याच अल्कोहोलने पुसून सुकवा, कितीतरी "मेलेले" रिमोट एवढ्यावर उठतात. घर बंद करून मुंबईला जाताना सगळ्या रिमोटचे सेल काढून ठेवा, प्लग भिंतीतून काढा, आणि रिमोट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

बटणांची नावं घरच्यांना विचारून ठरवा. बातम्या, मालिका, सिनेमा, भजन आणि बंद, एवढी पाच पुरतात. "बंद"वर लाल इन्सुलेशन टेपचा बारीक तुकडा चिकटवा, चष्मा नसला तरी बोटाला लागतो. गणपतीत घर भरलेलं असतं, पोरांना क्रिकेट हवं असतं, काकूला मालिका, आणि रिमोट कोणाच्याही हातात जातो, त्यामुळे जे बटण चुकून दाबलं तरी काही बिघडत नाही तेच बटण चांगलं.

आणि हे सगळं चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी उरकून शेवटची परीक्षा घ्या. सिनेमा चालू असताना (दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर तो आधी रिमोटने बंद करून) मेन स्विच पाडा, दोन मिनिटांनी वर करा, होम असिस्टंटचं "फक्त बंद" जाऊ द्या आणि "सिनेमा" दाबा. चित्र आणि आवाज दोन्ही आले तर आता राऊटर बंद करून खरा रिमोट वापरून बघा. मग एकदा घरातल्या ज्या माणसाला हे काहीच सांगितलेलं नाही त्याच्या हातात रिमोट द्या, तुम्ही बाजूला बसा आणि काही बोलू नका, तो कुठे अडला ते बटण बदला. जुने रिमोट टाकू नका, प्रत्येकावर यंत्राचं नाव लिहून टीव्हीच्या खणात ठेवा, सोबत एका कागदावर वायफायचा पासवर्ड आणि कुठली केबल कुठल्या पोर्टमध्ये आहे ते लिहा.