फुप्फुसातल्या जिवाणूंवर काम करायचंय? आधी आयसीयूत उभे राहा

एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीनंतर नेट निघाली, फेलोशिप मिळाली आणि पीएचडीचा विषय ठरला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या फुप्फुसातले जिवाणू आणि त्यांना होणारा न्यूमोनिया. या विषयाकडे वळणारी मुलं मला बहुतेक वेळा सिक्वेन्सिंगबद्दलच, म्हणजे डीएनए वाचून जिवाणू ओळखण्याबद्दलच विचारतात. कोणतं सॉफ्टवेअर, किती रीड्स, आर शिकू की पायथॉन. ते शिकाच. पण माझी पहिल्या सात-आठ महिन्यांची मेहनत वाया गेली ती वेगळ्याच कारणाने, म्हणून आधी ते सांगते.

आतड्यातले जिवाणू एका ग्रॅममागे अब्जांनी मोजतात. फुप्फुसाच्या धुवणात, म्हणजे आत सलाइन सोडून परत ओढलेल्या पाण्यात, ते एका मिलिलिटरला काही हजार असतात, कधी त्याहूनही कमी. एवढ्याशा मालातून डीएनए काढायला गेलं की किटमधल्या रसायनांत, पाण्यात, प्लास्टिकवर जे जिवाणूंचे अवशेष असतात तेही मोजणीत शिरतात. माझ्या पहिल्या चोवीस नमुन्यांत ब्रॅडिरायझोबियम भरपूर दिसला. आमच्याकडे लातूर भागात पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला जे कल्चर चोळतात, त्यातला हा जिवाणू. माणसाच्या फुप्फुसात तो कसा, यावर मी तीन दिवस वाचत बसले होते. गाइड मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "ब्लँक कुठेय?"

ब्लँक म्हणजे नमुना न घालता बाकी सगळ्या पायऱ्या तशाच केलेली नळी. तो मी लावलाच नव्हता. २०१४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी किटमधून येणाऱ्या अशा जिवाणूंची यादीच छापली होती, त्यात ब्रॅडिरायझोबियमही होता आणि माझ्या तक्त्यातला राल्स्टोनियाही. ते चोवीस नमुने बाजूला ठेवावे लागले. प्रत्येक नमुन्यामागे एक माणूस होता, हे आठवलं की अजून वाईट वाटतं. तेव्हापासून प्रत्येक बॅचला नमुना न घातलेला एक ब्लँक, पीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पायरीचा) एक, आणि न वापरलेल्या सक्शनच्या (स्राव ओढून काढायच्या) नळीतून काढलेलं सलाइन एक, असे तीन असतातच. किटचा लॉट नंबरही वहीत लिहिते.

आता मूळ प्रश्नाकडे. निरोगी फुप्फुस निर्जंतुक असतं असंच कितीतरी वर्षं शिकवलं जायचं. २०१० च्या सुमारास डीएनएवर आधारित अभ्यास यायला लागले आणि ती समजूत मोडली. तोंडातले प्रेव्होटेला, व्हेलोनेला, स्ट्रेप्टोकोकस झोपेत लाळेबरोबर थोडे थोडे खाली उतरतात. खोकला आणि श्वासनलिकेतले केस त्यांना वर ढकलतात. ये-जा चालू राहते. घशात नळी पडली की जाण्याची वाट जवळजवळ बंद होते, येण्याची मात्र उघडी राहते. नळीच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा चिकट थर चढतो. दिवस जातात तसा वेगवेगळ्या जिवाणूंचा मेळ विस्कटतो आणि एखादाच सगळी जागा बळकावतो. आपल्याकडच्या आयसीयूंत तो बहुधा असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला किंवा स्यूडोमोनास असतो. नळी टाकल्यावर ४८ तासांनंतर होणारा न्यूमोनिया व्हेंटिलेटरचा मानतात.

मेळ विस्कटल्यामुळे न्यूमोनिया होतो, की मुरत असलेल्या न्यूमोनियामुळे मेळ विस्कटतो, की दोन्ही अँटिबायोटिकमुळे? या विषयातला खरा पेच हाच आहे. तो सोडवायचा तर एका रुग्णाचा एकच नमुना कामाचा नाही. पहिल्या दिवशीचा हवा, नंतरचेही हवेत, आणि कोणतं अँटिबायोटिक कोणत्या तारखेला सुरू झालं ते केस पेपरवरून स्वतः उतरवून घ्यायला हवं.

हे सगळं मला खऱ्या अर्थाने समजलं ते रात्रपाळीच्या एका सिस्टरमुळे. त्यांनी मला बेडशेजारी उभं केलं आणि नळीचा फुगा दाखवला. त्याला कफ म्हणतात. आपल्या मराठी कफाशी त्याचा संबंध नाही, पण आपला कफ साचतो तो नेमका त्याच्या वर. "फुग्याचा दाब उतरला की वरचं सगळं खाली," असं म्हणून त्यांनी दाब मोजला. तो २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवतात. मग आधी तोंड साफ, त्यानंतर नव्या नळीने खालचं सक्शन, आणि म्युकस ट्रॅपमध्ये, म्हणजे स्राव गोळा करायच्या डबीत, दाट पिवळसर स्राव जमा झाला. त्यांनी क्रम उलटा केला असता तर मी तोंडातली लाळ फुप्फुस म्हणून सिक्वेन्स केली असती.

दात कशाने घासतात हेही विचारा. अनेक ठिकाणी क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक वापरत आले आहेत. अमेरिकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र ते टाळून नुसत्या ब्रशने दात घासायला सांगितलं आहे. दोन आयसीयूंची तुलना करताना हा फरक नमुन्यात उतरू शकतो.

कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याला, जुनाट समजू नका. डीएनए मेलेल्या जिवाणूचाही मिळतो. कोलिस्टिनसारखं अँटिबायोटिक लागू पडेल का, हे डॉक्टरांना कल्चरच सांगतं. मी नमुन्याचा अर्धा भाग आधी कल्चरला देते आणि उरलेला तासाभरात उणे ८० च्या फ्रीझरला.

आणि संमती. रुग्ण बेशुद्ध असतो, सही नातेवाईक करतात. आयसीयूबाहेरच्या बाकावर एक मावशी पिशवीत डबा घेऊन बसल्या होत्या, त्यांचे यजमान आत. मी समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर, याने ते लवकर बरे होतील ना?" मी म्हटलं, "मावशी, मी डॉक्टर नाही, संशोधन करते. याचा काकांना फायदा होणार नाही. त्यांचं सक्शन तसंही होणार आहे, त्यातलं थोडं मी घेईन. नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दीर येतो पाचला, त्याला विचारून सांगते."

मी पाचपर्यंत थांबले. पहिल्या दिवशीचा नमुना हातचा गेला. दिरांनी फॉर्म दोनदा वाचला आणि 'सूक्ष्मजीवसमुदाय' या शब्दावर बोट ठेवलं. त्याच रात्री मी फॉर्म नव्याने लिहायला घेतला, बोलीतल्या मराठीत, आणि एथिक्स कमिटीकडे पुन्हा मंजुरीला पाठवला.