जोडी शोभते म्हणून नर निवडू नका

कारवान, म्हणजे आपला दख्खनचा देशी शिकारी कुत्रा, पाळायचा, वीण घ्यायची असं मनात असलेली बरीच तरुण मुलं मला फोन करतात. त्यात चित्रकलेची मुलं जास्त, कारण मी मूळचा पेंटर. त्यांना आधी हेच सांगतो की पिल्लांच्या पैशावर घर चालेल या हिशेबानं हातातलं काम सोडू नका. मी सोडलं नव्हतं, माझं कामच गेलं होतं. कोल्हापुरात जी. डी. आर्ट करून सांगलीत दुकानांचे बोर्ड रंगवायचो. फ्लेक्स आला आणि चार-पाच वर्षांत ब्रश वाळून गेले. जतकडच्या एका धनगर आण्णांच्या वस्तीवर स्केचिंगला जायचो, तिथल्या कुत्र्यांत जीव अडकला.

लस, जंताचं औषध, खुराक हे तुम्हाला ठाऊक असणार. मी जिथे बुडालो तेवढंच सविस्तर सांगतो.

माझी पहिली मादी राणी, जतजवळच्या वाडीवरची. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट आत ओढलेलं. तिच्यासाठी नर मिळाला तो सांगोल्याकडचा. गाव वेगळं, मालक वेगळा, जिल्हासुद्धा वेगळा. दोघांचं नातं असेल अशी शंकाही मनात आली नाही. त्या नराचं स्केच घरी आणून राणीच्या स्केचशेजारी ठेवलं. खांद्यापासून कोपरापर्यंत उतरणारी रेष तीच. डावा कान मागे दुमडायची ढब तीच. मी हरखून गेलो. काय जोडी शोभते, म्हटलं.

६३व्या दिवशी राणी व्याली. सात पिल्लं, त्यातली दोन मेलेलीच. उरलेल्या पाचातली तीन चौथ्या दिवसापर्यंत गेली. निरोगी पिल्लू आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट वजनाचं होतं. माझ्या काट्यावर आकडा रोज खाली येत होता. तळहातावर घेतलं की पोट गार लागायचं आणि तोंड आचळ धरायचं नाही. (पिल्लू गार असेल तर दूध पाजू नका. आधी ऊब द्या. गार पोटाला दूध पचत नाही. हे मला तिसऱ्या पिल्लानंतर कळलं.)

आण्णा बघायला आले. दोन्ही मालकांकडे त्यांचं जाणं-येणं होतं. पिल्लांकडे बघत म्हणाले, "पेंटर, दोघांचा बा एकच की! तुम्ही विचारलं न्हाई, मला वाटलं ठावं आसंल."

राणीचा आणि त्या नराचा बाप म्हणजे शर्यतीत नाव काढलेला एक नर होता. त्याचा मालक त्याला गावोगाव न्यायचा. त्याची पोरं दोन्ही जिल्ह्यांत होती.

आता नीट ऐका. प्रत्येक जनावरात काही दोष दडलेले असतात. प्रत्येक गुणाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. त्यातली एक चांगली असली की बरेच दोष झाकले जातात. पण दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आल्या तर झाकायला काही उरत नाही. बाप एक आणि आया वेगळ्या अशा जोडीच्या पिल्लात ही शक्यता १२.५ टक्के असते. सख्खी भावंडं किंवा बाप-लेक असतील तर २५. मागच्या पिढ्यांतही नात्यात वीण झाली असेल तर आकडा आणखी चढतो, आणि आपल्याकडे गावात कागद नसतात. पिल्लं नेमकी याच कारणानं गेली असं डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकले नाहीत. मी मात्र तशी जोडी पुन्हा लावली नाही.

आपल्याला, म्हणजे चित्र काढणाऱ्यांना, हा धोका जास्त. आपली नजर मेळ शोधते. दोन आकृत्यांत एकच रेष दिसली की आपल्याला सुख वाटतं. इथे तीच रेष दिसली तर थांबून आजी-आजोबांची चौकशी करायची.

पण घाबरून चित्र सोडू नका. रोज दहा मिनिटं कुत्र्याचं स्केच करा, मोबाइलवर फोटो काढून नव्हे, समोर बसून. पायावरचा भार बदललेला हाताला आधी कळतो. उरलेल्या दोन पिल्लांतल्या एकाचं लंगडणं मी असंच पकडलं, आणि ते वेळेत बरं झालं.

गुरू करायचा तर तुम्हाला कुत्रा विकणाऱ्याला करू नका. ज्याच्या घरात म्हातारी, वीण थांबवलेली मादी पोटभर खाऊन पडलेली दिसते, त्याच्याकडे जा. २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळचं (कर्नाटकात कारवानला मुधोळ म्हणतात) नाव घेतलं, त्यानंतर देशी कुत्र्यांसाठी मला फोन वाढले आणि चार महिन्यांत ब्रीडर झालेले लोकही वाढले. कुत्र्यांच्या विणीचे आणि विक्रीचे २०१७चे सरकारी नियम वाचा: नोंदणी लागते, दीड वर्षाच्या आत वीण घ्यायची नाही, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. 'ससा धरून दाखवा, मग घेतो' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवा, ती शिकार गुन्हा आहे.

माझ्या वहीत आता डाव्या पानावर स्केच आणि उजव्या पानावर तीन पिढ्यांची नावं असतात. लातूरकडचा एक नर सध्या फार मनात भरला आहे. त्याच्या आईच्या बापाचा रकाना अजून कोरा आहे. राणीची नात पुढच्या महिन्यात माजावर येईल. तोवर तो रकाना भरला नाही तर हा हंगाम सोडून देणार आहे.