एक चुंबक उलटा, सगळं मुसळ केरात: मिनिएचरला चुंबक बसवताना या चुका टाळा

वॉरहॅमर म्हणजे छोट्या मॉडेलांची (मिनिएचरची) सैन्यं घेऊन टेबलावर खेळायचा खेळ. त्यातल्या ड्रेडनॉट या चालत्या युद्धयंत्राला आज असॉल्ट कॅनन हवी असते, पुढच्या खेळात लॅसकॅनन. हात चिकटवून टाकला की उरलेली शस्त्रं डब्यात धूळ खात पडतात. म्हणून खांद्यात चुंबक बसवायचा. काम सोपं आहे, आणि सोपं म्हणूनच लोक ते घाईत करून ठेवतात.

सगळ्यात महागात पडते ती ध्रुवांची चूक. आपण वापरतो त्या चकतीसारख्या चुंबकांचे ध्रुव दोन सपाट तोंडांवर असतात. तोंड चुकलं की शस्त्र चिकटण्याऐवजी टुणकन उडतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून नवशिका प्रत्येक मॉडेलपुरती जोडी जुळवतो आणि खूश होतो. घोळ तिथेच आहे. वॉरहॅमरमधल्या टाऊ सैन्यातल्या ३ क्रायसिस सुटांचं (चिलखती यंत्रमानवासारखी मॉडेलं) घ्या. पहिला शुक्रवारी झाला, उरलेले दोन रविवारी. प्रत्येक सूट आपल्यापुरता बरोबर. खेळाच्या आदल्या रात्री पहिल्याचा फ्यूजन ब्लास्टर तिसऱ्याला लावायला जावं, तर तो जवळच जाईना. एका सुटाला शस्त्रांच्या ३ जागा धरल्या तरी ९ खाचा झाल्या, वर डझनभर शस्त्रं. आता कुठलं कोणाचं ते शोधत बसा.

उखडायचं म्हटलं तर आणखी फजिती. ॲसिटोनने सुपरग्लू सुटतो खरा, पण त्याआधी पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचं मॉडेलच विरघळतं. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्यावर सुपरग्लू ठिसूळ होतो. मग कटरचं टोक कडेला घालून हलकेच उचकटायचं. निघाला तर निघाला. अशा वेळी सुटाच्या अंगातल्या चुंबकाच्या वाटेला जाऊच नये, शस्त्रातला बदलावा. शस्त्र बिघडलं तर दुसरं मिळतं, रंगवलेलं धड मिळत नाही.

ध्रुवांच्या घोळावर उपाय एक काडी. आइस्क्रीमच्या काडीच्या दोन टोकांना एकेक चुंबक चिकटवायचा, बाहेरची तोंडं एकमेकांच्या उलट. एका टोकावर ‘अंग’ लिहायचं, दुसऱ्यावर ‘शस्त्र’. खाचेत जाणारा प्रत्येक चुंबक त्या-त्या टोकानेच उचलायचा आणि दाबायचा. मग मॉडेल आज करा नाहीतर दिवाळीनंतर, ध्रुव चुकत नाही. काडीवरचा चुंबक खाचेतल्यापेक्षा लहान हवा, नाहीतर काडी उचलताना तो खाचेतला घेऊनच वर येतो. काडी सरळ वर ओढू नका, बाजूला सरकवून सोडवा. आणि ही काडी एका सैन्यासाठी नाही, आयुष्यभरासाठी. हरवू नका.

स्टीलचा चिमटा वापरलात तर चुंबक त्यालाच चिकटून बसेल. लाकडी टूथपिक पुरते.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे भोक. लोक मोटरवाला ड्रिल घेतात, प्लॅस्टिक तापून वितळतं आणि भोक अंड्यासारखं होतं. पिन वाइस (बोटांनी फिरवायचा छोटा ड्रिल) हातानेच फिरवा. आधी कंपासच्या टोकाने खूण, मग १ मिमी, मग २, शेवटी चुंबकाच्या मापाचं बिट. पातळ भाग चिरतो तो थेट ३ मिमीचं बिट घुसवल्यामुळे. १ मिमी जाडीच्या चुंबकासाठी बिटवर टोकापासून १ मिमीच्या किंचित वर टेप गुंडाळा. टेप पृष्ठभागाला टेकली की थांबायचं. खोली नजरेने ठरवणाऱ्यांचे चुंबक आत बुडतात, आणि दोन चुंबकांत अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तरी पकड झपकन उतरते. ३×१ मिमीचे (व्यास ३, जाडी १) चुंबक असल्यावर तर ती फट फारच जाणवते.

समोरासमोरची खूण अंदाजाने करू नका. खांद्यात चुंबक बसवून ग्लू वाळला की त्यावर ओल्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि हात जिथे हवा तिथे दाबायचा. हातावर उठलेला ठसा म्हणजे भोकाचा मध्य.

खांदा आतून पोकळ असेल तर चुंबक आत पडतो आणि मग मॉडेल खुळखुळ्यासारखं वाजतं. आधी एम-सील भरा, कडक होऊ द्या, मग भोक पाडा.

प्लॅस्टिकच्या ग्लूने चुंबक धरत नाही. तो ग्लू प्लॅस्टिक वितळवून जोडतो आणि धातू वितळत नाही. सुपरग्लूच हवा, तोही जेल. पातळवाला चुंबकाच्या तोंडावर पसरतो, आणि घाईने ‘लागतंय का बघू’ म्हणत हात लावलात की हात कायमचा खांद्याला. दहा मिनिटं थांबायला काय होतं, कळत नाही. खरं तर रात्रभर ठेवावं.

लांब नळीची तोफ एका चुंबकावर ठेवली की नाक खाली पडतं. रेझिन किंवा धातूची असेल तर हमखास. चुंबक ५×२ मिमीचा घ्या आणि शेजारी १ मिमी पितळी तारेची छोटी पिन द्या, समोर तिच्यासाठी भोक. वजन चुंबक पेलतो, फिरणं पिन रोखते. नुसता चुंबकांचा ग्रेड, म्हणजे ताकदीचा दर्जा, वाढवून हा प्रश्न सुटत नाही, तरी लोक एन५२ या जास्त ताकदीच्या ग्रेडचाच जप करत बसतात.

वाकडा रेझिनचा भाग गरम पाण्यात सरळ करायचा असेल तर चुंबक बसवण्याआधी करा. साध्या एन ग्रेडचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सियसच्या वर कमजोर पडतात.

चुंबक जाड झाला म्हणून घासू नका. ठिसूळ असतो, तुटतो, भुकटी पेट घेऊ शकते, आणि वरचा निकेलचा थर गेला की कोकणातल्या एका पावसाळ्यात गंजतो. पातळ विकत घ्या.

घरात लहान मूल असेल तर सुटे चुंबक बंद डबीत. दोन गिळले गेले तर पोटात एकमेकांना चिकटून आतडं चिमटतात. शंका जरी आली तरी लगेच दवाखाना.

रंगकामाआधी चुंबकाच्या तोंडावर मास्किंग टेपचा तुकडा. शस्त्र धरायला बाटलीच्या बुचात लोखंडी खिळा ठोका, डोकं वर. शस्त्र त्याला चिकटून राहतं आणि बोटं रंगात माखत नाहीत.